वरची मूठ

गिटारच्या मानेवर, तारा जिथे खुंट्यांकडून येऊन पडद्यांवर उतरतात, तिथे एक आडवी पट्टी बसवलेली असते. तिला नट म्हणतात. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी लांब, पेन्सिलीहून बारीक, आणि तिच्यात सहा तारांच्या सहा खाचा. वाजवणाऱ्याचं बोट तिच्यावर कधी पडत नाही आणि ऐकणाऱ्याला ती असल्याचंही ठाऊक नसतं. पण सगळ्या तारा तिच्यावर टेकलेल्या असतात. ती मऊ निघाली तर तारा तिच्यात रुततात आणि आवाज दबून जातो. एकोणीस वर्षांचा असताना मी घरी एक इलेक्ट्रिक गिटार बनवली आणि तिच्यासाठी अशी एक पट्टी कापली. ती कशातून कापली हे मी जवळजवळ तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. एका माणसाला ते न सांगता कळलं होतं. तो मी बोलण्याची वाट बघत राहिला, आणि मी बोललो नाही. या प्रकरणात एवढंच आहे. पण ते नीट सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगावं लागेल.

आमचं घर पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं आणि स्वयंपाकघरावर बांबूचा माळा. माळ्यावर पावसाळ्याची लाकडं, सुक्या मासळीचे डबे, जाळी आणि बाबांच्या जुन्या कामाची हत्यारं असत. बाबांनी जन्मभर मिठागरात काम केलं होतं. मिठागरं सरकारनं घेतली, भराव पडला, आणि बाबा एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एक सवय राहिली. जेवायला बसले की पहिल्यांदा ताटातलं मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचे आणि मान हलवायचे. आई वाकट्यांचं कालवण करो की जवळ्याची चटणी, त्यांचं म्हणणं एकच, की हे पुड्यातलं मीठ नुसतं खारट आहे, त्याला चव नाही. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मग खाडीला जीभ लावून या." बाबा हसायचे. बाबांना हसवणारी माणसं दोनच होती, एक आई आणि दुसरे नामाकाका.

नामाकाका आमच्या नात्यातले नव्हते. मिठागरात ते बाबांचे जोडीदार होते. पावसाळा संपला की मीठ पिकवण्याआधी मिठागराचे बांध दुरुस्त करावे लागत. ओला चिखल लिंपायचा आणि तो धुमसेनं ठोकून घट्ट करायचा. धुमस म्हणजे खाली जाड ठोकळा आणि वर छातीपर्यंत येणारा दांडा. ती दोघांनी समोरासमोर उभं राहून उचलायची आणि एकदम सोडायची. बाबांची धुमस खैराच्या एकाच खोडातून काढलेली होती, कुठे जोड नाही. ती दोघांनी मिळून करून घेतली होती. दांड्यावर वरची मूठ नामाकाकांची, कारण ते उंच होते, आणि खालची बाबांची. वीस-बावीस वर्षं त्याच जागी हात पडून लाकूड झिजलं होतं आणि दोन्ही ठिकाणी गुळगुळीत खळगे झाले होते. डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे कोण धरत होता ते कळावं. खाऱ्या चिखलात बुडून बुडून तिचा रंग लोखंडासारखा काळा पडला होता. पावसाळ्यात तर तिला ओल सुटायची. आई म्हणायची, धुमसेला घाम आला, आता आठ दिवस कपडे वाळायचे नाहीत.

मिठागर बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी आपली हत्यारं चुलीत घातली. ही धुमस आमच्याकडे आली, कारण आमच्याकडे माळा होता. नामाकाकांचा त्यात अर्धा वाटा आहे हे ठरलेलं होतं आणि त्याचीच त्यांनी थट्टा करून ठेवली होती. पडवीत पाय ठेवला की पहिला प्रश्न तोच, "काय रं, माजा हिस्सा कवा देतंस?" बाबा म्हणायचे, "ने की, ठोकळा तुजा, दांडा माजा." तेव्हा आसपासच्या गावांत प्रत्येक घरात हिस्सा हाच विषय होता. जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेवरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते. बाबांच्या सख्ख्या दोन भावांनी त्यांचं नाव कागदावरून वगळलं होतं आणि त्यानंतर बाबा त्यांच्या दारात गेले नाहीत. त्या दिवसांत हिस्सा हा शब्द हसत बोलता येईल असा माणूस बाबांना एकच उरला होता. हे मला आज कळतं. तेव्हा ती मला दोन म्हाताऱ्यांची शिळी गंमत वाटायची. म्हातारे म्हणजे किती, माझ्या आजच्या वयाचे.

दसऱ्याला ती धुमस माळ्यावरून खाली यायची. बाबा तिला पुसून पाटावर उभी करत, हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. मग दोघं समोरासमोर उभे राहून आपापल्या मुठीला हात घालत, ती वीतभर उचलत आणि अंगणातल्या मातीवर एकदा सोडत. धप्प असा आवाज व्हायचा आणि त्याबरोबर आमचा दसरा सुरू व्हायचा. मग नारळ, मग वड्यांचं जेवण. मिठागर नव्हतं, बांध नव्हता, तरी दर वर्षी तो एक ठोका पडायचा.

आता गिटार. मी आयटीआयला होतो आणि वायरिंग शिकत होतो. शेजारच्या कॉलेजच्या एका गॅदरिंगला कुणीतरी इलेक्ट्रिक गिटार वाजवली आणि मी ती इतक्या जवळून ऐकली की नंतर कित्येक दिवस माझं कशात लक्ष लागेना. विकत घेणं शक्यच नव्हतं. मग आपणच करू असं मनानं घेतलं. बाजारामागे सलीमचाचांचा फर्निचरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक रंधा मशीन आणि भुशाचा ढीग. मी सुट्टीच्या दिवशी त्यांची वायरिंगची कामं करून द्यायचो आणि ते मला कोपऱ्यातलं एक टेबल वापरू द्यायचे. गिटारचं अंग मोडक्या सागवानी दरवाजाच्या फळीचं केलं, मान शिसवीच्या पलंगाच्या खुराची. जुन्या स्पीकरच्या चुंबकांभोवती ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार हजारो वेढे घालून गुंडाळली, तेव्हा आई म्हणाली की एवढ्या वेळात शेजारच्या पोरीनं चार स्वेटर विणले असते. पडदे, खुंट्या आणि तारा मात्र मुंबईहून विकत आणल्या. उरली ती नटची पट्टी.

चाचा म्हणाले, "हड्डी लगा, बेटा. खाटकाकडून आणून देतो, उकळून घासून घे. लकड़ी में तार घुस जाएगा." ते बरोबर सांगत होते. पण मी ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं की माझी गिटार सगळी लाकडाची असणार, आणि सगळं लाकूड इथलंच. त्यात हाड बसवलं तर माझा शब्द खाली पडला असता. शब्द तरी कुणाला दिला होता? कुणालाही नाही. वर्गातल्या चार मुलांसमोर फुशारकी मारली होती, तेवढीच. त्या फुशारकीसाठी मी दोन आठवडे लाकडं गोळा करत हिंडलो. सागवान, शिसव, बाभूळ, चिंच, आंबा, बांबूची कांब, माडाच्या खोडाचा तुकडा. प्रत्येकाची सारख्या मापाची पट्टी काढायची आणि खांद्याच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकायची. सागवान ठक वाजायचं. आंब्याचा तर आवाजच यायचा नाही. चिंच त्यातल्या त्यात बरी होती. ती बसवून तार चढवली, पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर जाडी तार सुताभर आत रुतलेली. बाभळीची खाच पाडताना फाटली. शिसवीनं चार दिवस दम काढला. चाचा आपलं काम करत राहिले. ते एकदा जरी हसले असते तरी मला बरं वाटलं असतं.

वैशाखात बाबांच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. बाबा आणि आई दोन दिवसांसाठी जासईला गेले. परीक्षा आहे असं सांगून मी मागे राहिलो. दुपारी माळ्यावर चढलो ते खरोखर चिंचेचा दुसरा ओंडका शोधायला. गोणपाटात गुंडाळलेली धुमस हाताला लागली. मी दांड्यावर नखानं टिचकी मारली. आजही तो आवाज मला जसाच्या तसा आठवतो. लाकडाचा वाटतच नव्हता. काचेचा वाटत होता.

मी विचार केला नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मी पुष्कळ विचार केला. ठोकळ्यातून घेतलं तर दिसेल, दांड्याच्या मधोमध घेता येणार नाही, वरचं टोक तीन बोटं कमी झालं तर कुणाला कळणार आहे, असा सगळा विचार करून मी करवत घेऊन बसलो. वरचं टोक म्हणजे नामाकाकांची मूठ, हेही मला ठाऊक होतं. त्यांचा खळगा अर्धा माझ्या तुकड्यात आला, अर्धा दांड्यावर राहिला. कापलेलं टोक मी कानशीनं गोल केलं, त्यावर खोबरेल आणि काजळी चोळली आणि धुमस पुन्हा गोणपाटात बांधली. खाली उतरून तासभर झाला नसेल, तोच नामाकाका आले. त्यांचा पाग, म्हणजे खाडीत फेकायचं जाळं, आमच्या माळ्यावर असायचा. ते स्वतःच शिडी लावून चढले, जाळं खांद्यावर टाकून उतरले, आणि मला म्हणाले, "अभ्यास कर, अभ्यास. बापासारका गोणी नको उचलू." तुकडा तेव्हा माझ्या खिशात होता.

खैराची पट्टी एकही तार आत घेईना. फरशीवर टाकली तर टण् वाजली, आणि चाचांनी हातातला रंधा थांबवून विचारलं, "ये कहाँ से लाया?" मी म्हणालो, घरात पडलं होतं. बाबा परत आल्यावर मी गिटार टेपरेकॉर्डरला जोडून पडवीत वाजवली. मला धड वाजवता येत नव्हती, पण आवाज स्वच्छ होता. बाबा चहाचा कप हातात घेऊन ऐकत राहिले. संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन नामाकाकांना बोलावून आणलं. पोरानं बाजा बनवला, ये ऐकायला. नामाकाकांनी लग्नातलं एक जुनं गाणं गुणगुणून दाखवलं, मी ते कसंबसं तारांवर काढलं, आणि त्यांनी पुढे वाकून गिटारच्या मानेवरून हात फिरवला. मी गिटार किंचित मागे ओढली. पण ते एवढंच म्हणाले, "वाजतंय बरा."

पाऊस सुरू झाला आणि तारा तुटायला लागल्या. दर वेळी एकाच जागी, नटवर. तिथेच तांबूस गंज चढायचा, बाकी तार चकचकीत. मी नव्या तारा आणायचो, आठवड्यात त्याही जायच्या. चाचांनाही कारण सांगता येईना. आईला ज्या गोष्टीवरून पावसाळा कळायचा, ती गोष्ट मी गिटारच्या गळ्यात बसवली होती आणि माझ्या डोक्यात ते येत नव्हतं. मिठागरवाल्याच्या घरात वाढून मीठ लोखंडाला काय करतं हे मी विसरलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी गोणपाट सोडलं. नामाकाका धुतलेला सदरा घालून पडवीत उभे होते, हातात झेंडूची माळ. बाबांनी धुमस उभी केली, फडक्यानं पुसत पुसत वर आले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. नामाकाकांनी मान वाकडी करून बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आयला, नेला वाटतं मी माजा हिस्सा."

ते नेहमीसारखंच बोलले होते. एरवी बाबा हसले असते. त्या दिवशी त्यांनी वळून आईला विचारलं, माळ्यावर कोण चढलं होतं. आई भोळेपणानं खरं ते बोलली. आपण लग्नाला गेलो होतो तेव्हा नामाभावजी जाळं न्यायला आले होते, दुसरं कोण चढणार. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तू व्हतास ना घरी? तो वर काय करत व्हता?"

मी म्हणालो, "मी खाली होतो. मी बघितलं नाही."

एवढंच वाक्य. ते शब्दशः खोटंही नव्हतं. मी खालीच होतो आणि मी बघितलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी मोठी मोठी खोटी विधानं केली असतील, पण त्यातलं एकही मला इतकं अक्षरशः आठवत नाही.

नामाकाकांना थट्टा कुठे गेली हे तेव्हा कळलं. त्यांनी माळ पाटावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "तुला खरंच वाटतंय का, मी कापीन?" बाबा म्हणाले, "माज्या भावांनी पन आदी हसत हसतच हिस्सा मागितला व्हता." नामाकाका पडवीतून खाली उतरले. मग चपला घालून निघून गेले. त्या वर्षी अंगणात ठोका पडला नाही. वडे तळले होते ते आईनं शेजारी वाटले. बाबा जेवले नाहीत, आणि मी जेवलो.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. अपराध करणाऱ्याची भूक जाते असं आपण समजतो. माझी गेली नव्हती.

दिवाळीच्या आधी नामाकाका कोयत्याला मूठ बसवून घ्यायला चाचांच्या शेडमध्ये आले. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात ते तेव्हा वॉचमन होते आणि तो गणवेश त्यांना आखूड होता. मी टेबलापाशी होतो, तुटलेली तार बदलत. त्यांनी बाबांबद्दल काही विचारलं नाही. चाचा मूठ घासत होते तोवर ते माझ्याकडे येऊन उभे राहिले आणि तारांवरचा गंज बघू लागले. मग त्यांनी बोट पुढे केलं, त्या काळ्या पट्टीवरून ओढलं आणि जिभेला लावलं.

मिठागरवाला कुठल्याही गोष्टीला आधी जीभ लावतो. बाबाही तसेच. नामाकाकांनी डोळे मिटले. ती चव ओळखायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी हातातली तार धरून बसलो होतो. मग त्यांनी पट्टीकडे नीट बघितलं. काळ्या लाकडाच्या एका कडेला किंचित खळगा होता, मी तो तसाच ठेवला होता, कारण तो हाताला छान लागत होता.

"ही माजी मूठ हाय," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. ते चाचांना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात बोलत होते. म्हणाले की मी तुझ्या बापाला सांगणार नाही. मी सांगितलं तर तो म्हणेल, स्वतःला सोडवायला पोरावर ढकलतोय. "तू सांग. तुज्या तोंडून जाऊ दे. मी थांबतंव."

मी सांगतो म्हणालो. दिवाळी झाल्यावर सांगतो.

पुढच्या वर्षी मी ती पट्टी काढून हाडाची बसवली. चाचांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. तारा तुटायच्या थांबल्या. गिटार काही वर्षं वाजवली, मग नोकरी, लग्न, मुलगी. पट्टी मी एका डबीत ठेवली. लग्नकार्यात नामाकाका दिसत. बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसत, आणि ते मांडवाच्या त्या टोकावरून माझ्याकडे बघत. सुरुवातीला एकदा जवळून जाताना त्यांनी विचारलं, "अजून नाय?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पण बघत राहिले. मग काही वर्षांनी बघायचेही थांबले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या वागण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला विचाराल तर करवत नाही आणि दसराही नाही. हे सुटल्यासारखं वाटणं आहे.

मी बाबांना का सांगितलं नाही? सुरुवातीला भीती होती. नंतर भीती उरली नाही, पण एवढी वर्षं का सांगितलं नाहीस हा प्रश्न उभा राहिला, आणि तो दर वर्षी वाढत गेला. बाबा दर दसऱ्याला धुमस काढत, एकटेच पूजा करत, आणि एकट्यानं ती उचलता येत नाही म्हणून तशीच ठेवून देत. मी एकदा पुढे होऊन वरची मूठ धरायला गेलो. ते म्हणाले, राहू दे. माझ्या तळव्याला तेव्हा मीच कापलेलं टोक लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नामाकाका गेले. त्यांच्या मुलानं उलव्याला फ्लॅट घेतला होता, तिथे. बातमी फोनवर मी ऐकली आणि बाबांना मीच सांगितली. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुर्चीत बसून ते खिडकीबाहेर बघत राहिले. विमानतळाकडे जाणारे डंपर रस्त्यावरून जात होते. ते म्हणाले, "चांगला मानूस व्हता. एक गोष्ट सोडली तर."

मग मात्र मला गप्प बसता आलं नाही. मी आत जाऊन डबी आणली आणि पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. सगळं सांगितलं. लग्नाचा दिवस, करवत, खिसा, दसरा. ते ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली, तो खळगा त्यांना सापडला.

"त्याला ठाव व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"त्याच दिवाळीपासून."

त्यांनी मूठ मिटली. मी त्यांच्या तोंडून शिवी यावी म्हणून वाट बघत होतो. ते म्हणाले, "माज्या दारावरून जायचा तो. उन्हातानाचा. मी त्याला कदी पानी नाय इचारलं." मग पुन्हा तेच वाक्य बोलले, आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला करवत आणायला सांगितली. जुनं घर सुटल्यापासून धुमस आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत असायची. त्यांनी दांड्यावर बोटानं रेघ दाखवली, दोन मुठींच्या मधोमध. मी म्हणालो, बाबा, नको. ते म्हणाले, "तवा इचारलं नव्हतंस." त्यांनी दोन्ही हातांनी खालचा भाग धरून ठेवला आणि मी कापलं. खैर कापायला फार वेळ लागतो. मधे दोनदा मी थांबलो तरी त्यांनी सोडलं नाही. आतलं लाकूड अजून लाल होतं. भुसा त्यांनी कागदावर गोळा केला. वरच्या तुकड्याला त्यांनी माझी पट्टी दोऱ्यानं बांधली, जिथून ती आली होती तिथे.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलव्याला गेलो. नवी इमारत, लिफ्टमध्ये सिमेंटचा वास. काकी, नामाकाकांच्या पत्नी, पलंगावर बसल्या होत्या. बाबांनी तुकडा त्यांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, "हा त्याचा हिस्सा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल."

मी बोललो. खोलीत त्यांची सून होती, दोन नातेवाईक होते, सगळ्यांसमोर बोललो. काकींनी मला मधे अडवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तुकडा उचलून मांडीवर ठेवला आणि वरच्या अर्ध्या खळग्यावर आपला हात ठेवला.

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. "ते बोलले व्हते. कुनाला सांगू नको, पोरगा सोताहून येल. दर दसऱ्याला नवा सदरा घालून बसायचे. यंदा येल, बोलायचे."

बाबा खाली बसले. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

धुमसेचा खालचा भाग आता गॅलरीच्या कोपऱ्यात उभा आहे. वर माझ्या करवतीची सपाट खूण आणि तिच्याखाली बाबांची मूठ. या पावसाळ्यात तिला पुन्हा ओल सुटली. फरशीवर पाणी साचायला लागलं तेव्हा मी फडकं घेऊन पुसायला वाकलो. बाबा खुर्चीतून बघत होते. ते म्हणाले, "राहू दे. पुसू नको."

मी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि आत आलो.